बांधावरची सरदारीण

नातीने फोन माझ्या चष्म्यापुढे धरला तेव्हा मी दुपारचा चहा बशीत ओतत होतो.

"आजोबा, हे बघा. बेंगळुरूहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या भयाण जागा. उद्या यातली एक करायची."

ती हेब्बाळला नोकरी करते. शनिवारी आमच्याकडे बसवनगुडीला जेवायला येते आणि रविवारी कुठेतरी भटकायला निघते. ही आवड तिने माझ्याकडून घेतली, असं मला वाटतं. तलकाडूला मी तिला लहानपणीच नेलं होतं. तिथे वाळूच्या टेकडीतून खाली उतरावं तेव्हा कुठे देऊळ लागतं. हेमावतीच्या धरणातलं मोडकं चर्च आम्ही दोनदा पाहिलं, एकदा कोरड्या चिखलात आणि एकदा कमानींपर्यंत पाण्यात. शहराबाहेरच्या त्या प्रसिद्ध मोठ्या वडाखाली तर ती लहान असताना रडलीच होती. त्या वडाचं मूळ खोड कधीच कुजून गेलं, आता नुसत्या पारंब्यांचं रान उभं आहे. तिने विचारलं होतं, "मग झाड कुठंय?"

फोनवर एक मुलगा कुजबुजत्या आवाजात सांगत होता, "या तळ्याच्या बांधावर एका मराठा सरदाराच्या बायकोचा दगड आहे. भर दुपारी ती मराठी बोलणारं माणूस शोधत फिरते. तिला मराठीत हाक मारा, पाण्यावर तरंग उठतात. पण मागे वळून बघू नका."

मी बशी न पिताच खाली ठेवली.

स्वयंपाकघरातून बायको डोकावली. "अगं, ही तर आपली सरदारीण! आम्ही गेलो होतो ना मंडळाच्या सहलीला. यांनीच शोधून काढली ती."

शोधून काढली नव्हती. मी ती तयार केली होती. सरदार माझा, दुपार माझी, पाण्यावरचे तरंगही माझे. मागे वळून न बघण्याची भर मात्र दुसऱ्या कुणाची तरी होती.

आता सांगतो ते बायकोलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा आम्ही या शहरात नवे होतो. सरकारी कारखान्यांत आणि संशोधन संस्थांत नोकरीला आलेल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. अधूनमधून बस करून सहल निघायची. डब्यांत पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या. जेवणं झाली की सगळ्यांनी सतरंज्यांवर बसायचं आणि कुणीतरी उभं राहून स्थळमाहिती सांगायची, हा शिरस्ता. ते काम माझ्याकडे असे, कारण कारखान्यातल्या कामगारांत राहून मला बऱ्यापैकी कन्नड आलं होतं. बाकीच्यांची मजल 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यापर्यंतच.

आमची एक खोड होती. बेंगळुरू एके काळी मराठी जहागिरीत होतं, एवढा धागा आम्हाला पुरायचा. पडका बुरूज दिसला की तो आपलाच असणार. घोड्यावरचा माणूस कोरलेला दिसला की तो आपलाच सरदार. परक्या गावात भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना असं काहीतरी हवं असतं. चामराजपेटेत राहणाऱ्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं की मागडीच्या पुढे एका तळ्यावर बाईचा कोरीव दगड आहे. मी तो न बघताच बैठकीत जाहीर करून टाकलं, "मराठ्यांच्या वेळची खूण आहे."

बस ठरली. आम्ही पोचलो. चिंचेखाली गुडघ्याएवढा दगड होता. त्यावर कमरेवर घागर घेतलेली आकृती, ओबडधोबड, आणि बाईची नव्हे, मुलीची.

जवळच्या घरातून एक तरुण माणूस आला. खांद्यावर पंचा होता. मला कन्नड समजतं हे कळल्यावर तो हळूहळू, मला कळेल अशा बेताने बोलू लागला. "ही माझी मोठी बहीण. दुपारी पाणी आणायला आली आणि पाय घसरला. आईने दगड बसवून घेतला. ती न्यायला आली होती ते पाणी घरी पोचलंच नाही, म्हणून आई दर अमावास्येला घरचं पाणी भरून तिच्याकडे आणते."

मला प्रत्येक शब्द कळला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण कन्नड कच्चं होतं अशी पळवाट मी पुढे स्वतःला बरीच वर्षं देऊन पाहिली.

मागे सतरंजीवरून कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

आणि मंडळाचे खजिनदार म्हणाले, "इतक्या लांब दगड दाखवायला आणलंत होय हो? आमच्या अंगणात पुष्कळ आहेत."

सगळे हसले. मी वळलो आणि म्हणालो, "तो म्हणतोय की ही एका मराठा सरदाराची बायको. सरदार लढाईवर गेला, परतला नाही. ही रोज दुपारी बांधावर येऊन वाट बघायची. परमुलखात तिची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. शेवटी तिने तळं जवळ केलं. अजूनही कुणी मराठीत हाक मारली तर पाणी हलतं."

योगायोगाने वारा आला आणि पाणी हललं.

दुसरी पळवाट अशी की मुलं पाण्याकडे धावत होती, त्यांना भीती घालायला मी हे रचलं. तेही खरं नाही. मी तोंड उघडण्याआधीच त्यांच्या आयांनी त्यांना दंडाला धरून मागे आणलं होतं. मला फक्त ते हसू बंद करायचं होतं. आणि ते झालं. आमच्या बायकांचे डोळे भरून आले. परमुलखात भाषा बोलणारं कुणी नाही, हे दुःख त्यांना फार जवळचं होतं. माझ्या बायकोने बहिणीसाठी घेतलेला नवा खण पिशवीतून काढला, कुणी नारळ दिला, कुणी तांदूळ, आणि त्यांनी त्या दगडाची ओटी भरली.

तो माणूस बघत राहिला. मग धावत घरी जाऊन आईला घेऊन आला. म्हातारी लांबच उभी राहिली, तोंडात पदर घालून. त्यांना वाटलं, मी त्याचंच बोलणं आमच्या लोकांना सांगितलं आणि म्हणून या परक्या बायका तिच्या मुलीसाठी रडताहेत. त्याने सगळ्यांना ताक दिलं. माझे दोन्ही हात धरले. "नीट सांगितलंत," म्हणाला.

मी ताक प्यायलो.

पुढे ती गोष्ट मी गणेशोत्सवात सांगितली, मंडळाच्या अंकात लिहिली. तिथून ती कुठे कुठे गेली, आणि आता नातीच्या फोनवर आली.

"मीही येतो उद्या," मी नातीला म्हणालो.

"आजोबा, ऊन असेल."

"सरदारणीची वेळच दुपारची आहे," बायको म्हणाली. "मीही येते. माझा खण अजून आहे का बघते."

खरं सांगायचं तर अपराधाच्या बरोबरीने मला कुतूहलही होतं. आपण मारलेली थाप इतक्या वर्षांत कशी वाढते, तिला काय काय फुटतं, हे बघायला मिळणारी माणसं थोडी. वाटेभर नात फोनवरच्या निरनिराळ्या हकिकती वाचून दाखवत होती आणि मी मनात त्या वेगळ्या काढत होतो. पैंजणांचा आवाज माझा नाही. हिरवी साडी नाही. वाट बघणं माझं. एकाने तर सरदाराचं घराणंही शोधून काढलं होतं.

तळं आक्रसलं होतं. चिंच तशीच होती, पण तिच्या खालच्या फांद्यांना हिरव्या बांगड्या बांधलेल्या. दगडापुढे करवंट्या, हळदीकुंकू, कुणीतरी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. कुंकवाच्या थरांखाली मुलीचा चेहरा आता दिसतच नव्हता. घागर तेवढी ओळखू आली.

"सरदारीण आज्जी, बोला ना!" नात पाण्याकडे बघत सहज म्हणाली आणि हसली. तेवढ्यात तिने माझी बाही धरली. "आजोबा, तिकडे."

चिंचेपलीकडे झुडपाच्या आडोशाला एक वयस्क बाई उभी होती, कमरेवर लहानशी कळशी घेऊन. दगडावरच्या आकृतीसारखीच. नातीने फोन वर केला, तशी त्या बाईने पदराने चेहरा झाकला.

"फोन खाली ठेव," मी म्हणालो आणि तिच्याकडे गेलो. कन्नडात विचारलं, "अक्का, आज अमावास्या का?"

तिने पदर थोडा बाजूला केला. "अण्णा, तुम्हाला कसं ठाऊक?"

ती त्या ताक देणाऱ्या माणसाची धाकटी बहीण. मोठी गेली तेव्हा ही पाळण्यात होती. आई गेली, भाऊही गेला, आता पाणी आणायचं काम हिच्याकडे. पण अमावास्या रविवारी आली की ही मुलं इथे असतात, हिचे फोटो काढतात, हिला बघून किंचाळत पळतात. मागच्या वेळी ती पाणी न घालताच घरी परतली होती.

"ते सगळे तिच्याशी कुठल्या भाषेत बोलतात?" तिने विचारलं. "माझ्या बहिणीला आमच्या बोलीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. लहान होती ती. कुणी इतकं ओरडून बोलावलं तर घाबरेल की."

मागून नात म्हणाली, "आजोबा, काय म्हणतायत त्या?"

तोच प्रश्न, त्याच चिंचेखाली. मी अक्काचे शब्द जसेच्या तसे मराठीत सांगितले. मग अक्काकडे वळून कन्नडात सांगितलं की तुझा भाऊ त्या दिवशी काय बोलला आणि मी काय सांगितलं. सगळं. तरंगांसकट.

तिने कळशीच्या काठावरून बोट फिरवलं.

"त्या बायकांनी ओटी भरली होती," ती म्हणाली. "आई मरेपर्यंत म्हणायची, पोरीचं लग्न नाही झालं पण तिची ओटी भरली गेली. तो खण आईने पेटीत ठेवला होता. आई गेली तेव्हा तिच्या अंगावर तो घालूनच आम्ही तिला नेलं." तिने मान वर केली. "ती ओटी कुणाची होती, अण्णा?"

मी गप्प राहिलो असतो तर ती ओटी मुलीचीच राहिली असती. खरं बोलून मी तिच्या आईच्या अंगावरून तो खण ओढून घेणार होतो. पण खोटं सांगून बरं वाटायला लावण्याचं काम मी एकदा केलंच होतं.

"सरदाराच्या बायकोची," मी म्हणालो.

"सांग आता ती गोष्ट. पुन्हा, पूर्ण."

मी कन्नडात ती गोष्ट पहिल्यांदाच गोष्टीसारखी, सुरुवातीपासून सांगितली. तिने मन लावून ऐकली. वाट बघण्याच्या जागी मानही हलवली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण तिची नाही. घेऊन जा."

माझी बायको मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिचंही कन्नड पक्कं झालं होतं. "म्हणजे मी त्या दिवशी कुणासाठी रडले हो?" तिने मला मराठीत विचारलं. "आणि त्या रात्री तुम्ही म्हणालात, तू फार हळवी आहेस!" मग माझ्याकडे पाठ करून तिने अंबाड्यातला अबोलीचा गजरा सोडला आणि अक्काच्या हातात दिला. "लहान मुलीला चालेल ना?" अक्काने गजरा हुंगला, पण दगडावर ठेवला नाही. कळशीच्या गळ्यात अडकवला.

तेवढ्यात दोन गाड्या येऊन थांबल्या. नागपूरकडच्या बोलीत हसत-खिदळत तरुण मुलं-मुली उतरली. एकाने तोंडाभोवती हात धरून तळ्याकडे हाक घातली, "ओ सरदारीणबाई, या ना बाहेर!"

अक्का मागे सरकली. मी काठी टेकत पुढे झालो. "थांबा जरा. ही सरदारीण नाही."

"काका, तुम्ही गाइड आहात का?"

"दुभाष्या आहे," मी म्हणालो.

अक्का एक वाक्य बोलायची, मी ते मराठीत सांगायचो. मोठी बहीण. दुपार. पाणी. पाय घसरला. घरी न पोचलेलं पाणी. मुलं जवळ सरकून ऐकत होती. एक जण मात्र कुरकुरला, "यार, आपण इतकं ड्राइव्ह करून आलो त्या भुतासाठी." त्याच्या मैत्रिणीने त्याला कोपर मारलं आणि ती वाकून दगडापुढच्या रिकाम्या बाटल्या उचलायला लागली. तिचं बघून माझी नातही.

"आणखी एक सांग त्यांना," अक्का म्हणाली. "ती दुसरी गोष्ट कुणी केली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

"त्या म्हणतायत," मी मुलांना सांगितलं, "ती भुताची गोष्ट खोटी आहे. ज्याने ती केली, तो हाच म्हातारा."

ते माझ्याकडे बघायला लागले. कुणाचं लक्ष आपल्याकडे नाही एवढं बघून अक्का भर दुपारी झुडपामागून बाहेर आली, दगडापाशी बसली आणि घरचं पाणी तिने हळूहळू ओतलं. कुंकू ओघळलं आणि खालून एक डोळा दिसू लागला.