फॉर्मवरची खोटी खूण

मला पोहता येत नव्हतं, आणि हे मी एक्कावन्न वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. माहेर बाळकुमचं, कोळ्याचं घर. वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आई मासळी विकायची. अशा घरातल्या बाईला पोहता येतं का, असं कुणी विचारतच नाही. भावांना वडिलांनी लहानपणीच पाण्यात ढकलून शिकवलं. मलाही ढकला म्हणून मी काठावर उभी राहून रडायचे, तर पोरींना काय करायचंय, असं उत्तर यायचं. पुढे खाडीचं पाणी इतकं काळं झालं की भाऊही त्यात उतरेनासे झाले.

लग्न होऊन वर्तकनगरला आले, एका शाळेच्या ऑफिसात लागले आणि स्टाफबरोबर सहलींना जाऊ लागले. अलिबाग, दिवेआगर, गणपतीपुळे. सगळीकडे माझं काम ठरलेलं. बाकीच्या पाण्यात आणि मी वाळूत, त्यांच्या चपला, पर्सा आणि मोबाइल सांभाळत. "तू काय, पाण्यातच वाढलीस, तुला कसलं अप्रूप!" असं त्या म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे. हळूहळू मलाही पटलं की मी समाधानी बाई आहे, मला असली हौसच नाही. भीतीला समाधान म्हटलं की लोक कौतुक करतात. मी ते कौतुक वर्षानुवर्षं बिनबोभाट घेतलं.

गेल्या वर्षी मालवणचं ठरलं. तिथे पाण्याखाली जाऊन मासे बघायचे होते. यादी करताना एक सहकारी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ही बसेल की बोटीत, सामान बघायला."

माझं डोकंच फिरलं. चूक तिची नव्हती, इतक्या वर्षांत मीच तिला तसं शिकवलं होतं. पण राग आला तो आला. "माझं नाव पाण्यात उतरणाऱ्यांमध्ये घाल," मी म्हटलं, आणि त्याच शनिवारी तरणतलावावर फॉर्म भरायला गेले.

खिडकीतल्या क्लार्कने मला ओळखलं. "अरे, ताई! बाळकुमच्या ना तुम्ही? तुमच्या भावासोबत क्रिकेट खेळलेलो मी." बोलता बोलता त्याने माझा फॉर्म ओढला आणि 'पोहता येते का' या प्रश्नापुढे 'होय'वर खूण केली. "तुम्हाला काय विचारायचं!"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण मागे रांगेत चार बायका होत्या आणि माझं नाक भलतंच वर होतं. मूग गिळून सही केली.

सोमवारी लेडीज बॅचला गेले. कोच माझ्या मुलीच्या वयाची. तिने फॉर्म वाचला आणि तलावाच्या खोल बाजूला बोट दाखवलं. "काकू, तुम्ही तिकडे. दोन फेऱ्या मारून दाखवा."

मी काठावर जाऊन उभी राहिले. पोटात दुखतंय म्हणावं, घरून फोन आलाय म्हणावं, असं सगळं सुचून झालं. सगळी बॅच माझ्याकडे बघत होती. खोटं बोलून परत गेले, तर उरलेलं आयुष्य चपलाच सांभाळायच्या, हे मला तिथे स्वच्छ दिसलं. मी ओरडूनच सांगितलं, "मला येत नाही! फॉर्मवर खोटं लिहिलंय."

"अहो काकू, आणि उडी मारली असतीत तर?"

"मेले असते."

ती हसली नाही. हाताला धरून मला उथळ पाण्याकडे घेऊन गेली. तिथे पाणी कमरेपर्यंत होतं आणि शेजारी सात वर्षांची एक चिमुरडी. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला मला तिनेच शिकवलं. नाकातोंडात पाणी जायचं, पाय दगडासारखे खाली जायचे. दर शुक्रवारी मी घरी जाहीर करायचे की आता बास, आणि शनिवारी पुन्हा हजर व्हायचे. हट्टीपणात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. तिसऱ्या महिन्यात मी त्याच खोल बाजूने एक आख्खी फेरी मारली, कशीबशी, धापा टाकत.

तिथून थेट बाळकुमला आईकडे गेले. आजूबाजूला टॉवर झालेत, पण आमच्या गल्लीत अजून सुकट वाळते. आई सुकटच निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, हात अजून थांबत नाहीत. मी तिला सगळं सांगितलं, फॉर्मचं खोटंही. कोळ्याची पोर असून लाज घालवलीस, असं ऐकायच्या तयारीने बसले होते.

ती म्हणाली, "मना तरी कवा येत व्हतं पवाला?"

ही बाई वर्षानुवर्षं वडिलांच्या होडीत बसून, मांडीवर टोपली घेऊन खाडीपलीकडे मासळी विकायला जायची. पावसाळ्यात, भरतीत, मी पोटात असतानासुद्धा.

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची ना. तुमाना कशाला सांगू?"

मला रडूच आलं. ते लपवायला मी मालवणचं काढलं. तिथलं पाणी काचेसारखं असतं, खाली जिवंत मासे पोहताना दिसतात म्हणे, मी बघून येते आणि तुला सगळं सांगते.

आईचे हात थांबले.

"जलमभर मासली बगली ती टोपलीतली," ती म्हणाली. "पवताना एक पन नाय बगली. तू सांगू नको. मना ने."