दर अर्ध्या तासाचे मामा

शिळं वरण, शिळी भाजी, शिळी पोळी कुणालाही नाकानं ओळखता येते. पण शिळी बातमी वासावरून ओळखणारा माणूस साऱ्या हैदराबादेत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विमानतळाच्या हवामान कक्षात निरीक्षक म्हणून काढली. वारा कुठून, किती जोरात, किती लांबचं दिसतं, ढग केवढ्या उंचीवर, हे दर अर्ध्या तासानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं. मग तेच ध्वनिमुद्रित होऊन येणाऱ्याजाणाऱ्या वैमानिकांच्या कानात वाजत राहायचं. प्रत्येक नव्या बातमीला इंग्रजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. वैमानिकानं खाली बोलताना आधी ते अक्षर सांगायचं, म्हणजे त्याच्याकडची बातमी ताजी की शिळी हे खालच्यांना कळतं. अर्ध्या तासात काही मोठं बदललं, तर घड्याळाकडे न बघता लगेच नवी बातमी, नवं अक्षर. एवढाच नियम. बाकीचे निरीक्षक तो नियम ड्युटी संपल्यावर कपाटात ठेवून घरी येत. मामा तो अंगावर घालून तारनाक्याच्या घरी आले आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो उतरवला नाही.

याचा पहिला फटका मला बसला. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलगा बघायला मामांना नारायणगुड्याला आमच्या घरी पाठवलं होतं. मी चार दिवस आधीपासून इस्त्रीचा शर्ट आणि नम्र चेहरा यांची तालीम केली होती. परत गेल्यावर सगळ्यांनी त्यांना घेरलं, "कसा आहे मुलगा?" मामा म्हणाले, "साडेचार वाजता बरा होता. त्यानंतर मी बघितलेला नाही." त्या वाक्यावर माझी सासू आठ दिवस परेशान होती. लग्नाला आता बावीस वर्षं झाली, तरी बायकोला माझा राग आला की ती मामांच्या त्या अहवालाची मुदत संपल्याची आठवण करून देते.

फोनवर "कसे आहात मामा?" विचारलं तर "दहापर्यंत उत्तम, पुढचं साडेदहाला" असं उत्तर येतं. भाजीवाल्यानं "एकदम ताजा है साहब" म्हटलं की हे विचारणार, "कितने बजे का?" तो एकदा वैतागून म्हणाला, "टमाटा है साहब, रेल का टाइम नक्को पूछो!" मामांनी ते मनावर घेतलं नाही. ते टमाटे एकेक उलटून बघत राहिले. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वासच नाही. त्यांच्या हाताखालचा एक तरुण म्हणे एकदा खुर्चीतूनच बोलला होता, "सर, काहीच बदललं नाही, पुन्हा कशाला बघायचं?" मामा त्याला म्हणाले, "बदललं नाही, हे न बघता कसं कळलं तुला?" आणि त्याला हाताला धरून गच्चीवर नेलं. त्यांच्या मते या धंद्यात चूक माफ आहे. ढग हजार फुटांवर असताना बाराशे वाटला, चालेल. पण न बघता जुनाच आकडा नव्या वेळेखाली लिहायचा, हे पाप.

हे पाप मी केलं. कधी आणि कसं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीपासून मामींची आठवण हलायला लागली. सकाळी त्या ठीक असतात, दुपार कलली की गोंधळतात. हे घर कुणाचं, लेक कुठे गेली, हे ऑफिसातून कधी येणार, असं एकदा सुरू झालं की घाबऱ्याघुबऱ्या होतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मामांनी बातमीपत्र सुरू केलं. दुपारी दोनपासून दर अर्ध्या तासानं ते मामींच्या समोर खुर्ची घेऊन बसतात आणि सावकाश सांगतात, "अगं, आता अमुक वाजले. आपण तारनाक्याला, आपल्याच घरी. लेक कामावर, सहाला येईल. मी इथेच आहे." इंग्रजी अक्षरं मामींच्या काय कामाची? म्हणून प्रत्येक बातमीला भाजीचं नाव. दोनला कारलं, अडीचला ख म्हणून खरबूज (ते भाजीत चालवून घेतलं आहे), तीनला गवार, साडेतीनला घेवडा, चारला चवळी. ऐकून झालं की मामींनी म्हणायचं, "गवार कळली." मामा ते वहीत लिहितात. अडीच वाजून गेल्यावरही मामी 'कारलं'च म्हणत राहिल्या तर मामांना कळतं, ही अजून दोनमध्येच आहे, पुन्हा सांगायला हवं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. मामी हसल्या नाहीत. त्या शांत झाल्या होत्या.

एका दुपारी मामांना डोळे दाखवायला नारायणगुड्याला जायचं होतं. लेक कामावर, म्हणून राखणीला मी. मामांनी वही माझ्या हातात दिली. "जावईबापू, चारच्या बसनं मी परत. तोवर तुम्ही ड्युटीवर. वाचून नाही दाखवायचं, समोर बसून सांगायचं."

"हौ मामा, काळजी नक्को," मी म्हणालो. असं मी ज्या ज्या वेळी म्हणालोय, त्या त्या वेळी काळजी करण्यासारखं काहीतरी घडलंय.

गवार सांगितली, कळली. घेवडा सांगितला, "मामा चारच्या बसनं येतील," कळला. चारला दहा कमी असताना मामांचा फोन. "डोळ्यांत थेंब घातलेत, मला सगळं धूसर दिसतंय. साडेपाच होतील. चारपर्यंत थांबू नका, बदल झालाय, आत्ताच सांगा तिला." मी हो म्हटलं. डोकावलो तर मामी खुर्चीत डोळे मिटून. म्हटलं, कशाला उठवा, चारला सांगू. मागच्या गॅलरीत मोबाइलला रेंज चांगली होती आणि सामन्याची शेवटची षटकं चालू होती. चार वाजले. मी गॅलरीतूनच, बसल्या जागी, वहीत लिहिलं: "४.०० चवळी. कळली."

सव्वाचारला चहा घेऊन आत गेलो, तर खुर्ची रिकामी आणि पुढचं दार सताड उघडं.

गल्ल्या पालथ्या घातल्या, देवळात बघितलं, दवाखान्यात विचारलं. शेवटी मामांना फोन केला. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "शेवटची कोणती कळली तिला?"

वही माझ्या हातात होती. मी वाचलं, "चवळी."

"म्हणजे मी साडेपाचला येणार हे तिला माहीत आहे. मग माझी वाट बघत नाहीये ती. माहेरी निघाली असेल, काचीगुड्याला. मी इथून तिकडे जातो." फोन बंद.

काचीगुड्याचं ते माहेर केव्हाच विकलं गेलंय. माझ्या डोळ्यांसमोर आले ते मामा: काळा चष्मा, धूसर नजर, स्टेशनकडच्या त्या गर्दीत दुचाक्यांमधून रस्ता ओलांडताहेत, दिसत नसलेल्या बाईला शोधताहेत, माझ्या एका ओळीच्या भरवशावर. पाच मिनिटं मी रस्त्यात तसाच उभा होतो. मग पुन्हा फोन लावला. "मामा, चवळी सांगितलीच नाही मी. नुसती लिहिली."

पलीकडे रिक्षाचा आवाज येत होता. मामा रिक्षावाल्याला म्हणाले, "रुको भई." मग मला म्हणाले, "म्हणजे घेवडा. चारच्या बसनं मी येणार, एवढंच आहे तिच्याकडे. बस स्टॉपवर बघा. पळा."

मी पळालो. मामी स्टॉपच्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. शेजारची फुलवाली मला बघून म्हणाली, "तुमारे अम्मा हैं क्या? एक बस नई छोड़े, हर बस में झांक रहे बोलके मैं बिठा ली." मामी मला म्हणाल्या, "हे चारला येतो म्हणाले होते. बसला उशीर झालाय वाटतं." मी मामांना कळवलं. ते म्हणाले, "तिला सांगा, येतोय. बसनंच येतोय."

रिक्षानं लवकर पोचता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. पाचला पाच कमी असताना बस आली. मामा दांडा चाचपत उतरले. मामी उठून उभ्या राहिल्या.

"उशीर केलात."

"हौ, केला," मामा म्हणाले, आणि त्यांनी मामींचा हात अंदाजानं शोधला.

मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ती कुठे चुकली? तिला जेवढं सांगितलं होतं, त्या हिशोबानं ती अगदी बरोबर जागी होती. तुम्ही पाच मिनिटं उशिरा का होईना, खरं बोललात म्हणून सापडली. नाहीतर मी आंधळा काचीगुड्यात आणि ती इथे." मग थोड्या वेळानं, "पण जावईबापू, उठून बघायला हवं होतं." बस, एवढंच. आजवर घरात कुणाला त्यांनी हे सांगितलेलं नाही. म्हणून आता मीच सांगतोय.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी तारनाक्याला जातो. मामा मला एकदोन बातम्या द्यायला लावतात. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून मी समोर बसतो, आधी बघतो, मग सांगतो. हल्ली मामी भाजीचं नाव सहसा घेत नाहीत. वेळ सांगितली, घर सांगितलं, लेक येणार म्हणून सांगितलं, तरी नुसत्या बघत राहतात आणि कधीकधी हसतात. मी एकदा विचारलं, "मामा, मग वहीत काय लिहायचं?" त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मागच्या पानांवर, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, एकाखाली एक लिहिलं होतं: तीन वाजता, हसली. साडेतीन, हसली. चार, नाही. साडेचार, थोडी हसली.