रिपोर्ट चांगला यावा म्हणून

डॉक्टरानं साखर तपासायची मशीन हातातसुद्धा घेतली न्हाई. पेनच्या टोकानं माझ्याकडं सरकवली. म्हणला, "हे खेळणं घरी ठेवा. बोटं टोचून डॉक्टर होता येत असतं, तर आम्ही कशाला शिकलो असतो?"

कंपाउंडर फिदीफिदी हसला. आबांनी, माझ्या बापानं, मान खाली घातली. लातूरचा दवाखाना, दार सताड उघडं. बाहेर बसलेल्या आमच्या रेणापूरकडच्या माणसांनी सगळं ऐकलं.

मी असं काय मागितलं होतं? आबांच्या पायाची जखम भरून येईना. घरी तपासली की साखर लई वाढलेली दिसती. तेवढं बघा, म्हणलं. त्यानं लॅबचा कागद नाचवला. "शुगर नॉर्मल आहे. खरं हे."

नॉर्मल येणारच की! आमच्याकडं तपासणीच्या आधी दोन दिवस माणूस भाताला शिवत न्हाई. कारल्याचा रस, अर्धी भाकर, बास. डॉक्टर वरडू नये म्हणून. सगळी गल्ली असंच करती. आबा तर डॉक्टर 'शाब्बास' म्हणला की घरी येऊन गोड चहा प्यायचे, खुशीत.

"साहेब, हे दोन दिवस उपाशी राहून आलेत..."

"तुम्ही बाहेर थांबा. मध्ये बोलायचं नाही."

थांबले. लई राग आला, पण पाय आपोआप बाहेर गेले. घरी आल्यावर आबा मलाच म्हणले, "कशाला आणली ती मशीन? बेज्जती झाली माझी." तिला परत हात लावू दिला न्हाई.

आधी अंगठा गेला. मग गुडघ्याखाली पाय. नांदेडला कापला. तिथला डॉक्टर म्हणला, "घरी साखर तपासायला काय झालं होतं? अडाणी कुठले!"

आता सांगा, कुणाचं ऐकायचं?

आबा पडून असतात. दुसऱ्या पायाचं बोट काळं पडाय लागलंय. ते बरे होतील असं मला वाटत न्हाई.

आता मलाबी साखर निघाली. उद्या तपासणी हाय, त्याच दवाखान्यात. दुसरीकडं जावं तर तिथंबी असाच कुणीतरी बसलेला असणार. शेजारची मावशी सकाळी कारल्याचा रस घेऊन आली. "पी गं बाई, न्हाई तर खवळतोय तो."

मी रस मोरीत ओतला. रोज खाते तसा भात खाल्ला, पोटभर. खवळू दे. माझा पाय वाचंल का न्हाई, ठाऊक न्हाई. पण त्याच्या भीतीनं खोटं रक्त द्यायला मी जाणार न्हाई.