खोडबाईंनी न खोडलेलं वाक्य

छापखान्यात त्यांना सगळे खोडबाई म्हणत. एक तर त्या दिवसभर लाल पेनाने दुसऱ्यांचं लिहिलेलं खोडत, आणि दुसरं म्हणजे चूक दिसली की गप्प न बसण्याची त्यांना खोड होती. नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडतील. बाईंनी ते प्रुफासारखं तपासलं, त्यात काही चुकीचं सापडलं नाही, म्हणून राहू दिलं.

त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. खिडकीतून कागदाचं गोदाम दिसायचं आणि आत खळीचा वास यायचा. या टेबलावर एकोणीस वर्षं त्यांनी एकाच प्रकारची पुस्तकं वाचली. इंग्रजी शिकवणारी. मालकांचा सगळा धंदा त्यावर उभा होता. बाईंचे वडील जुन्या काळातले जुळारी. शिशाचे खिळे जुळवताना लहान मुलीला शेजारी बसवून घेत. त्यामुळे बाईंना इंग्रजी अक्षरं आधी उलटी वाचता आली, सुलटी नंतर. त्या इंग्रजी बोलत नसत, बोलायला समोर कुणी नव्हतंच. पण त्यांच्या नजरेखालून एखादं लंगडं वाक्य निसटून गेलं, असं कधी झालं नाही.

या पुस्तकांचे लेखक एक प्राध्यापक होते. बाई त्यांना मनातल्या मनात फडफड्या म्हणायच्या. प्राध्यापकांचं इंग्रजी नळासारखं वाहायचं. थांबायचं नाही आणि गाळलेलंही नसायचं. त्यांचं पहिलं पुस्तक चाळीस दिवसांत इंग्रजी शिकवायचं. तेच पुस्तक वेगळ्या वेष्टनात तीस दिवसांत शिकवू लागलं, मग एकवीस दिवसांत. मजकूर तोच, संवादही तेच. त्यात एक गृहस्थ दुसऱ्याला विचारायचा, हे टेबल आहे का? दुसरा सांगायचा, नाही, हा दिवा आहे. ज्याला टेबल आणि दिवा यांतला फरक कळत नाही त्याला इंग्रजी शिकवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, असं बाईंनी एकदा प्रुफाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं. मग स्वतःच खोडलं.

प्रत्येक आवृत्तीत त्या शेकड्यांनी चुका काढत. क्रियापदं सरळ करत, नको तिथली शब्दयोगी अव्ययं उपटत, अख्खी वाक्यं नव्याने बसवत. पुस्तक बाहेर आलं की प्रस्तावनेत प्राध्यापक आपल्या गुरूंचे, पत्नीचे आणि पहाटेच्या शांततेचे आभार मानत. बाईंचा उल्लेख नसे. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, असं त्या म्हणत. म्हणताना आवाज जरा चढायचा.

मग तो मोठा संच आला. शाळांसाठी इंग्रजीची साधनं पुरवायचं काम मालकांना मिळालं. मुलांचं पुस्तक, शिक्षकांची हस्तपुस्तिका, भिंतीवर लावायचे बारा तक्ते, शब्दांच्या पत्त्यांचा डबा आणि वर्गात ऐकवायचे ध्वनिमुद्रित धडे. संच निवडणाऱ्या समितीत पाच जण होते. पाचही जणांनी डबा उघडून पत्ते पाहिले, पत्ते जाड आहेत म्हणून मान डोलावली आणि सही केली. पुस्तक कुणी उघडलं नाही. पुस्तक उघडायचं ते मुलांनी.

मजकूर पहिल्यांदा हाती आला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की हे प्राध्यापकांचंसुद्धा नाही. त्यांनी कुणा विद्यार्थ्याला बसवून उरकून घेतलं होतं. प्राध्यापकांच्या चुकांना निदान एक वळण असायचं, या चुका बेवारस होत्या. बाईंनी तीन पानांची यादी केली आणि मालकांच्या खोलीत गेल्या. प्राध्यापक तिथेच बसले होते. त्यांनी यादी हातात घेतली, वरच्या दोन ओळी वाचल्या, घडी करून चहाच्या कपाखाली ठेवली.

"बाई, तुम्ही स्वल्पविराम बघा," ते म्हणाले. "इंग्रजी मी बघतो."

मालक हसले. मोठ्याने नाही, पण हसले. एकोणीस वर्षं ज्यांच्या जिवावर लोक या पुस्तकांना शुद्ध म्हणत होते, त्या बाई दारात उभ्या होत्या आणि मालक कपाखालच्या यादीकडे बघून हसत होते. बाई टेबलापाशी परत आल्या.

शेवटची प्रुफं आली. त्यांनी फक्त स्वल्पविराम बघितले. चौदावा धडा नकारार्थी भूतकाळाचा होता. आय डिड नॉट वेन्ट. शी डिड नॉट केम. दे डिड नॉट एट. एकाखाली एक, बारा वाक्यं, शिस्तीत उभी. बाईंचं पेन आपोआप पहिल्या वाक्यावर गेलं. टोक कागदाला टेकायच्या आत त्यांनी हात मागे घेतला. त्या पानावर एक स्वल्पविराम राहिला होता, तो दिला. खाली तपासलं असं लिहून सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

आता फजिती बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एखादा मुख्याध्यापक पत्र लिहील, एखादं वर्तमानपत्र टर उडवेल, प्राध्यापक तोंड लपवत फिरतील. बाई वाट बघत राहिल्या. प्रकाशनाच्या समारंभात एका वक्त्याने संचाला निर्दोष म्हटलं. दोनशे शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. दोनशे जणांनी चौदावा धडा मोठ्याने म्हटला, जेवण केलं, प्रमाणपत्रं घेतली आणि घरी गेले. ध्वनिमुद्रणासाठी आणलेल्या निवेदिकेने ती बाराही वाक्यं इतक्या गोड आवाजात म्हटली होती की ती खरी वाटावीत.

महिने गेले. एकही पत्र आलं नाही. बाईंना आधी आश्चर्य वाटलं, मग मजा वाटू लागली. दुपारच्या चहाला त्या छपाईयंत्रावरच्या कारागिराला सांगायच्या, अठरा हजार प्रती गेल्या आणि त्यात वाचणारा एक नाही. समिती आंधळी, मास्तर बहिरे, मालक तर जन्मापासून वजनावर कागद ओळखणारा. कारागीर मान हलवायचा. त्याला कशाबद्दल चाललंय ते कळत नसे, पण बाई खुशीत आहेत एवढं दिसायचं.

बाई भावाकडे राहायच्या. भाऊ-वहिनी दोघं नोकरीवर, त्यामुळे भाचीचा अभ्यास आत्याकडेच. बारा वर्षांची ती मुलगी आत्याच्या हाताखाली तयार झालेली, तिचं इंग्रजी प्राध्यापकांपेक्षा कधीही बरं. एका संध्याकाळी ती शाळेतून आली आणि दप्तर न ठेवताच चाचणीचा कागद आत्यापुढे धरला. तिने आय डिड नॉट गो असं लिहिलं होतं. त्यातल्या गो वर लाल काट मारून वर कुणीतरी वेन्ट लिहिलं होतं. अशी पाच वाक्यं, पाचही चूक ठरवलेली.

"आत्या, तू शिकवलंस ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "मी सगळ्यांसमोर इंग्रजीच्या बाईंशी वाद घातला. मग त्यांनी मला तक्ता वाचायला लावला."

बाईंनी कागद हातात घेतला. ती लाल शाई त्यांच्या ओळखीची होती. त्या स्वतः तीच वापरत. तुझंच बरोबर आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेल्या. जाताना रस्ताभर त्यांनी त्या शिक्षिकेला काय काय सुनवायचं ते जुळवलं होतं. दगड, ठोंबी, पगारी पोपट, असे शब्द तयार होते.

शिक्षिका तरुण निघाली. मूळची गणिताची. इंग्रजीची शिक्षिका सोडून गेली म्हणून हा विषय तिच्या गळ्यात मारलेला. वर्गाच्या भिंतीवर चौदाव्या धड्याचा तक्ता होता आणि तक्त्याच्या कोपऱ्यात प्राध्यापकांचा हसरा फोटो. बाईंनी चाचणीचा कागद टेबलावर ठेवला आणि चूक कुठे आहे ते बोटाने दाखवलं. शिक्षिकेने कागद तक्त्याशी ताडून पाहिला. मग खाली बसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण पुस्तकात तेच, हस्तपुस्तिकेत तेच, तक्त्यावर तेच, ध्वनिमुद्रणातसुद्धा तेच. चार ठिकाणी एकच गोष्ट म्हटल्यावर मला वाटलं, मीच चुकतेय. हे छापतात त्यांच्याकडे तपासणारं कुणी नसतं का हो?"

बाईंना तयार ठेवलेला एकही शब्द वापरता आला नाही. मुलांच्या पुस्तकांत पेनाने दुरुस्ती करून घ्या, एवढं सांगून त्या निघाल्या. कधी नव्हे ते त्यांना इतका राग आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. समितीपासून मालकांपर्यंत सगळ्यांना आठ महिने मूर्ख म्हणून झालं होतं. मूर्ख नसलेली एकच व्यक्ती या सगळ्यात होती, आणि तिने काय केलं होतं, तर एक स्वल्पविराम दिला होता.

तशाच त्या मालकांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक दिसली होती, मुद्दाम राहू दिली. शाळांना शुद्धिपत्र पाठवा, आणि मला काढायचं तर काढा. मालक रागावतील असं त्यांना वाटलं होतं. मालकांनी दार लावून घेतलं.

"शुद्धिपत्र पाठवलं की लोक उरलेलं पुस्तकही वाचतात," ते म्हणाले. "तक्रार कुणाची नाही. पुढच्या आवृत्तीत नीट करा, आणि हे कुठे बोलू नका."

प्राध्यापकांना फोन गेला. ते म्हणाले, बोलीभाषेत अलीकडे असं चालतं. कुणाच्या बोलीत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मालकांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी भाचीलाही सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण शाळेतल्या त्या प्रश्नानंतर त्यांना गप्प राहणं जमेना. मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तू हसत होतीस."

त्यानंतर तिने आत्याला अभ्यास विचारणं बंद केलं. वहिनींनी कारण विचारलं, दोघींनीही सांगितलं नाही.

बाईंनी मग कारागिराला धरून बारा बरोबर वाक्यांच्या गोंद लावलेल्या पट्ट्या छापून घेतल्या. कागद स्वतः आणला, मालकांना विचारलं नाही. तीन शनिवार त्या शाळेत गेल्या. शिक्षिका आणि त्या, दोघींनी मिळून एकेका पुस्तकावर पट्ट्या चिकटवल्या, तक्त्यावरही. शिक्षिकेने आपल्या ओळखीच्या सात शाळांत पट्ट्या पोचवल्या. अठरा हजारांत ते किती, हे बाईंनी मोजलं नाही. एका शाळेतून पट्टी प्राध्यापकांच्या हाती पडली. त्यांनी मालकांना निर्वाणीचं पत्र लिहिलं की या बाईंनी माझ्या मजकुराला यापुढे हात लावता कामा नये. मालकांनी बाईंना स्वयंपाकाच्या आणि बागकामाच्या पुस्तकांवर टाकलं. ही शिक्षा आहे असं मालक आणि प्राध्यापक दोघांनाही वाटत होतं. बाईंना एकोणीस वर्षांत प्रथमच वाचण्यासारखं काही मिळालं.

संचाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा चौदावा धडा दुरुस्त होता. पट्टीवरची बाराही वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. प्रस्तावनेत प्राध्यापकांनी लिहिलं होतं की लेखकाने स्वतः प्रत्येक शब्द पुन्हा पारखून घेतला आहे. बाईंनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि दुधी भोपळ्याच्या वेलावरचं प्रुफ पुढे ओढलं.

परीक्षेच्या आधी एका रविवारी सकाळी भाची निबंध लिहिलेली वही घेऊन आली. वही आत्याच्या मांडीवर ठेवली, लाल पेन हातात दिलं. बाईंनी विचारलं, ठेवून जातेस का, दुपारपर्यंत बघते. मुलीने शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांच्या खांद्याशी खांदा लावून बसली.

"नको," ती म्हणाली. "तू बघ. मी तुझ्याकडे बघते."