अंड्याचं वाळवण

आमच्या आळीत अंड्याचं नाव निघालं तरी बायका पदर नाकाला लावत, आणि दवाखान्यातला हा कंपाउंडर ओसरीवर राजरोस अंडी फोडी. पिवळं मांजरीला घाली, पांढरं काचेच्या ताटलीत पसरी. मला त्याचा रागच येई.

हा नाद त्याला लागला तो सर्पदंशावरच्या लशीपायी. मुंबईहून बोटीने आलेली लस उष्म्याने नासली आणि पाली गावची एक बाई त्याच्या डोळ्यांदेखत गेली. लस सुकवून ठेवावी आणि ऐन वेळी पाण्यात विरघळवावी, असं त्याच्या मनाने घेतलं. पण सुकवून बघायला लस मिळणार कुठे? अंड्याचं पांढरंही तसंच नाजूक, म्हणून तालीम त्याच्यावर.

"उन्हात ठेवलं की शिजतं, मास्तर," तो नाक खाजवत म्हणे. "मग विरघळायचं नाव नको." शेवटी तो ताटली ओल शोषणाऱ्या कळीच्या चुन्याबरोबर बरणीत कोंडून ठेवू लागला.

चैत्रात त्याने मला हाक मारली. चिमूटभर भुकटी पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली.

"साधलं की हो!" मी म्हणालो.

"चैत्रात काय, पापडसुद्धा कुरकुरीत असतात. श्रावणात बघू."

श्रावणात बरणी उघडली, तर आत चिकट, कुबट गोळा. त्याने ताटली राखेने घासली, पुसली आणि पुन्हा ओसरीवर मांडून ठेवली, रिकामीच.

त्या संध्याकाळी मी बाजारातून आळीत शिरलो तेव्हा माझ्या हातात अंडी होती, आणि मी ती झाकली नव्हती.