गळालेली ओळ

वनिताच्या भावाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी तिच्याच फाइलची वाट पाहत होतो. "सर, ताई गेली..." एवढंच तो म्हणाला. आदल्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून तिनं काम लवकर थांबवलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं. बत्तीस वर्षांची होती. त्याला आता पाच आठवडे होतील.

हिंगोलीत माझं छोटं ऑफिस आहे. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. मशीनकडून एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये माहिती येते आणि आमची स्टाइलशीट, म्हणजे मांडणीचा प्रोग्रॅम, तिचा छापील रिपोर्ट बनवते. डोंगरकडा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची वनिता सहा वर्षांपूर्वी माझ्याकडं कामाला लागली. बोलायची कमी. पण पहिल्याच महिन्यात एक रिपोर्ट माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "सर, तपासण्या सात हायेत अन् कागदावर ओळी सहाच. काहून?"

मी तिला समजावलं. एका एककातला आकडा दुसऱ्यात बदलायचं काम स्टाइलशीट स्वतः करत नाही, बाहेरच्या एका फंक्शनकडून, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमकडून, करून घेते. ते फंक्शन अडलं की आख्खा रिपोर्टच बंद पडायचा आणि लॅबवाले ओरडायचे. म्हणून फंक्शनची चूक मी तिथल्या तिथं गिळून टाकली होती. तेवढी ओळ वगळून बाकीचा रिपोर्ट निघायचा. कुणाची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या युक्तीचं कौतुकच होतं.

"पण ते अडतं कव्हा?" तिनं विचारलं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ती दोन दिवस जुन्या फाइली उघडत बसली आणि तिला ते सापडलं. साखर मशीनच्या मापाबाहेर गेली की मशीन आकड्याऐवजी 'हाय', म्हणजे फार जास्त, असा इंग्रजी शब्द पाठवायचं. शब्दाचं गणित होणार कसं? फंक्शन तिथंच अडायचं. म्हणजे ज्याची साखर सगळ्यात जास्त, नेमकी त्याचीच ओळ गळत होती...

माझ्या तोंडातून निघालं ते हेच, की आज दुरुस्त करून टाकू, मागचं कशाला उकरायचं. वनिता म्हणाली, "तुमाला लाज वाटत आसंल तर मी सांगते लॅबवाल्यांना. पन त्या मानसांना सांगावंच लागंल, सर."

त्या दिवशी मीच एकेका लॅबला फोन केला. ती शेजारी रुग्णांच्या नावांची यादी घेऊन बसली होती. पुसेगावच्या एका शिक्षिकेच्या घरच्यांना साखर तपासलीच नाही असं वाटलं होतं आणि बाई चार दिवस अशक्तपणा म्हणून पडून होत्या. त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात हलवलं. त्या वाचल्या. दोन लॅबनी आमचं काम बंद केलं, ते योग्यच होतं.

मग वनितानं ती स्टाइलशीट नव्यानं लिहिली. फंक्शन अडलं तरी रिपोर्ट निघायचा, पण ओळ जागेवर राहायची. तीत मशीननं पाठवलेला मूळ शब्द आणि खाली ठळक अक्षरांत, 'हा आकडा बदलता आला नाही. डॉक्टरांना लगेच दाखवा.' लॅबवाले म्हणाले, असं छापलं तर आमची अब्रू जाते. ती म्हणाली, जाऊ द्या.

गेल्या आठवड्यात तांड्यावर गेलो. तिची आई, जिला ती याडी म्हणायची, मला तिच्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर वनिताचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. कागदात काही चुकलं तर थेट मला फोन करा, असं तिनं सगळ्या लॅबना सांगून ठेवलेलं. मी बसलो असतानाच तो वाजला. याडीनं उचलला.

"वनिता न्हाई आता," ती शांतपणे म्हणाली. "काय चुकलं ते सांगा. मी लिहून घेते."

दुसरीपर्यंत शिकलेली बाई. तिनं वही ओढली, एकेक अक्षर जुळवत लिहिलं, मग फोनवर ते सगळं परत वाचून दाखवलं आणि विचारलं, "बराबर हाय का?" पलीकडून होकार आल्यावरच तिनं ते पान फाडून माझ्या हातात दिलं.