फटीत कोंबलेला गाऊन

खोका भरण्यात दुबईच्या अख्ख्या सात्वा वस्तीत माझा हात कोणी धरणार नाही. बोटीने गावी जाणाऱ्या खोक्याचं भाडं आकारावर असतं, वजनावर नाही. त्यामुळे आम्हा फिलिपिनो बायकांमध्ये खोक्यात बोटभर जागा रिकामी सोडणं म्हणजे पाप. साबण, टॉवेल, मांसाचे डबे, चॉकलेटं, आणि उरलेल्या फटींत मोजे.

मारिविक माझ्या खालच्या पलंगावर झोपते. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं लिहून घेते आणि शनिवार-रविवार कॉलेजला जायची. दुबईत पगारावर कर नाही म्हणतात. मारिविकचा कर एस्तान्सियाला, तिच्या गावी जायचा: भावाची फी, घराचे पत्रे, मावशीचा मोतीबिंदू. उरेल त्यावर ती शिकली. चार वर्षांच्या पदवीला तिला सात वर्षं लागली.

मी चिडवायची, "अगं, तुझ्या वर्गातली पोरं एव्हाना मास्तर झाली असतील!"

"होऊ देत की, फेलीताई. मग मला पास तरी करतील."

अखेर पास झाली. पदवीदान शनिवारी चार वाजता होतं. तिची आई सोलेदाद बाजारात मासे विकते, चौथीतच शाळा सुटलेली. ती शेजारणीच्या फोनवर सोहळा बघणार होती, आणि तिच्यासोबत सगळी गल्ली.

त्याच सकाळी कार्गोवाला नेस्टर आमचा खोका न्यायला आला. मारिविक केस कुरळे करून घ्यायला गेली होती. मी शेवटचं बघितलं तर कोपऱ्यात फट! खुर्चीवर काळं कापड घडी घालून ठेवलेलं दिसलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जुने कपडे देतात, त्यातलीच एखादी बुरख्यासारखी अबाया असणार. कोंबली, चिकटपट्टी मारली, खोका रवाना.

बाराला मारिविक आली. "फेलीताई, खुर्चीवरचा गाऊन कुठंय?"

"कसला गाऊन?"

"पदवीचा. काळा."

म्हणजे ती अबाया नव्हती! गाऊनशिवाय मंचावर सोडत नाहीत, आणि कॉलेजकडे जादा गाऊन एकही नव्हता.

"मारिविक, मला मार," मी म्हटलं, "पण आधी टॅक्सी बोलाव."

गोदामात नेस्टर भात खात बसला होता. "कोणता खोका, ताई? इथे चारशे आहेत."

मी रांगांमधून पळत सुटले. माझी पट्टी मला डोळे झाकूनही ओळखू येईल: तीन आडव्या, तीन उभ्या, कोपऱ्यांना दुहेरी. सापडला!

नेस्टर पट्टी कापता कापता घामाघूम झाला. "ताई, खोका बंद केलाय की तिजोरी?"

गाऊन निघाला. सुरकुतलेला, साबणाचा घमघमाट, पण निघाला. मारिविक माझ्या गळ्यात पडली. मारायचं राहूनच गेलं.

"आता इथे पोकळी झाली," नेस्टर म्हणाला. "काय भरायचं? कंटेनर सातला बंद होतो."

मारिविक म्हणाली, "सातपर्यंत पट्टी लावू नका, दादा."

तिचं नाव पुकारलं तेव्हा मी इतकी ओरडले की रखवालदाराने मला दोनदा खाली बसवलं. माझ्या हातातल्या फोनमधून सोलेदादच्या गल्लीचा गलका येत होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू! मी स्वतः शिकले असते तरी एवढा झाला नसता.

गाऊन परत करायचा होता, टोपी मात्र तिची झाली. फोटो काढले आणि मारिविक मला घेऊन थेट गोदामात गेली. टोपी त्या पोकळीत ठेवू लागली.

"अगं वेडे, ती आठवण आहे! इथे मोजे बसतील."

"आईसाठी आहे."

चौकोनी टोपी काही बसेना. मग मी चार साबण बाहेर काढले. भरलेल्या खोक्यातून काही काढायची ही माझी जन्मातली पहिली वेळ.

दोन महिन्यांनी फोटो आला. माशांच्या ढिगामागे सोलेदाद, डोक्यावर टोपी, गोंडा कानाशी लोंबतोय. मला रडू आवरेना. मारिविकने फोन लावला.

"आई, काढून ठेव ना. माशांचा वास लागेल."

"लागू दे," सोलेदाद म्हणाली. "तू सात वर्षं लावलीस, मी सात दिवस तरी घालीन."